सर्टस्पॉटरचं आरपीएम: अल्मालिनक्स ९ साठीच्या बांधणीच्या नोंदी

१ डिसेंबर २०२५

आमच्याकडे देखभालीला असलेल्या डोमेनवर कुणीही नवीन सर्टिफिकेट (ब्राउझरमधल्या कुलपामागचं, साइटची ओळख पटवणारं) काढलं की आम्हाला मेल यावा, एवढंच काम, आणि त्यासाठी सर्टस्पॉटर हा प्रोग्रॅम. क्लायंट म्हणजे काही पतसंस्था, कळमन्यातले अडते, एक शाळा आणि संत्रा उत्पादकांची एक कंपनी. ऑफिस नागपूरला, परसोडीच्या आयटी पार्कात. सर्व्हर सगळे अल्मालिनक्स ९ चे (लिनक्सचा एक प्रकार).

मुदत कधी संपतेय ते बघणारी साधनं ढीगभर आहेत आणि तीही लागतातच. फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने ४ जून २०२५ पासून मुदत संपत आल्याचे मेल पाठवणं बंद केलंय. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवसांवर येतेय, २०२७ च्या मार्चात १०० आणि २०२९ च्या मार्चात ४७. ते वेगळं काम, ते आधीच चालू आहे. हे काम दुसऱ्या बाजूचं आहे: आपण न काढलेलं सर्टिफिकेट आपल्या नावावर निघालं का? ३० एप्रिल २०१८ नंतर निघालेलं सर्टिफिकेट सार्वजनिक सीटी लॉगमध्ये (निघालेल्या सर्टिफिकेटांची उघडी नोंदवही) नोंदलेलं नसेल तर क्रोम ते मानत नाही. म्हणजे नोंद होतेच, ती वाचत बसणारं कुणीतरी हवं.

त्यासाठी सर्टस्पॉटर निवडलं. गो या भाषेत लिहिलेलं, एमपीएल २.० लायसन्स, डेटाबेस नको, बाहेरची लायब्ररी जवळजवळ नाही. डेबियनवाल्यांना ते तयार मिळतं. आम्हाला आमच्या रेपोत (पॅकेजांच्या साठ्यात) आरपीएम (अल्मासारख्या लिनक्सचं पॅकेज) म्हणून हवं, कारण सर्व्हरवर हाताने बायनरी टाकायची नाही हा ऑफिसचा नियम आहे. नियम मीच केलाय, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार?

३ डिसेंबर

स्पेक फाइल (पॅकेज कसं बांधायचं त्याची कृती) लिहिली. माझ्या लॅपटॉपवर आरपीएमबिल्ड पहिल्याच फटक्यात झालं. मॉकमध्ये (कोऱ्या, वेगळ्या वातावरणात पॅकेज बांधणारं साधन) टाकलं तर लगेच आडवं. कारण साधं: मॉक बिल्डच्या वेळी नेटवर्क देत नाही आणि गो मॉड्युलं आणायला बाहेर जातो. लॅपटॉपवर ती आधीच कॅशमध्ये पडलेली होती, म्हणून तिथे चाललं.

उपाय: गो मॉड व्हेंडर चालवून (ही कमांड लागणारी मॉड्युलं व्हेंडर डिरेक्टरीत आणून ठेवते) त्या डिरेक्टरीचा वेगळा टारबॉल केला, स्पेकमध्ये तो दुसरा सोर्स म्हणून दिला, बिल्डला मॉड-व्हेंडर हा पर्याय लावला. मॅन पानं (कमांडची माहितीपानं) मार्कडाउनमध्ये आहेत आणि ती बनवायचं साधन आमच्या बिल्डरूटमध्ये (मॉकच्या त्या कोऱ्या वातावरणात) नाही. लॅपटॉपवर बनवून त्याच टारबॉलमध्ये कोंबली. दिसायला बरं नाही, पण चालतं.

मग दुसरं अडकलं. गो.मॉड फाइल मागते ती गोची आवृत्ती आणि बिल्डरूटमधली आवृत्ती जुळेना. गो १.२१ पासून हे शहाणपण आलंय की आवृत्ती कमी पडली तर गो नवीन टूलचेन स्वतःच उतरवून घेतो. लॅपटॉपवर त्याने गुपचूप तेच केलं होतं, मॉकमध्ये तर दारच बंद. आमचा अंतर्गत मिरर (अल्माच्या पॅकेजांची आमच्याकडची प्रत) जुन्या उपआवृत्तीवर गोठवून ठेवलेला होता. तो पुढे सरकवला तेव्हा नवा गो आला आणि काम झालं. मिरर सिंक व्हायला संध्याकाळ झाली.

जुन्या गोवर बांधणाऱ्यांसाठी: "नो बिल्ड आयडी नोट फाउंड" असा एरर येऊन आरपीएम थांबलं तर लिंकरला बी पर्यायाने आयडी द्या. गो १.२४ पासून लिंकर तो आपणहून घालतो. डीबग पॅकेजच बंद करून टाकायचा सल्ला नेटवर सर्रास दिसतो. एरर जातो खरा, पण क्रॅश झाल्यावर हातात काहीच उरत नाही.

५ डिसेंबर

फाइलींची मांडणी ठरवली. सर्टस्पॉटर मुळात होम डिरेक्टरीत स्वतःचं लपवलेलं फोल्डर करून सगळं तिथे ठेवतं. सर्व्हिस म्हणून चालवताना तसं नको. कॉन्फिग आणि स्टेट दोन्हींच्या जागा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने बदलता येतात: कॉन्फिग ईटीसीखाली, स्टेट व्हार-लिबखाली.

वॉचलिस्टला (लक्ष ठेवायच्या डोमेनची यादी) स्पेकमध्ये कॉन्फिग-नोरिप्लेस लावा. नुसतं कॉन्फिग लिहिलं तर पॅकेजमधली फाइल बदललेल्या अपग्रेडला तुमची भरलेली यादी आरपीएमसेव्ह नावाने बाजूला जाते आणि जागेवर रिकामी येते. सर्व्हिस चालू, यादी रिकामी, मेल एकही नाही आणि सगळं कसं शांत शांत.

यादीत डोमेनच्या आधी टिंब दिलं तर सबडोमेनही धरली जातात. टिंब नसेल तर फक्त तेवढंच नाव. शाळेचं एक डोमेन .भारत मधलं देवनागरी आहे. ते एक्स-एनने सुरू होणाऱ्या रूपात टाकलं, कारण सर्टिफिकेटमध्ये ते तसंच येतं.

९ डिसेंबर

चाचणीसाठी ऑफिसातल्याच एका जुन्या मशीनवर पॅकेज चढवलं, सर्व्हिस चालू केली आणि चहाला खाली गेलो. अधिवेशन चालू असल्याने सिव्हिल लाइन्सकडच्या क्लायंटकडे आज कुणी जाणार नव्हतं, सगळे जागेवरच. परत आलो तर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळलेल्या.

"भाऊ, नेट काऊन मरून राहिलं बे?"

स्टार्ट-ॲट-एंड हा पर्याय युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सिस्टमडीला, म्हणजे लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्याला, सांगणारी फाइल) नव्हता. तो नसला की सर्टस्पॉटर प्रत्येक लॉग अगदी पहिल्या नोंदीपासून वाचायला घेतं. जगभरची करोडो सर्टिफिकेटं, आणि सगळी आमच्या ऑफिसच्या ब्रॉडबँडवरून. पॅकेजच्या युनिटमध्ये आता हा पर्याय आधीपासूनच आहे. त्याची किंमत अशी की आपण सुरू करायच्या आधी निघालेली सर्टिफिकेटं दिसत नाहीत. ती एकदा हाताने सीआरटी.एसएच या सीटी लॉग शोधायच्या साइटवर शोधून घ्या.

यातून आणखी एक ठरलं: पॅकेज काढताना स्टेट डिरेक्टरी पुसायची नाही. कुठल्या लॉगमध्ये कुठवर वाचलं ते तिथे असतं.

नंतरच्या चाचण्यांसाठी बाहेर एक छोटा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) घेतला, महिना साडेचारशे रुपये. ऑफिसच्या शिव्यांपेक्षा स्वस्त.

११ डिसेंबर

मेल येत नाही.

या एका गोष्टीने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला, म्हणून सविस्तर लिहितो.

युनिट फाइलमध्ये मी नेहमीचा बंदोबस्त लावला होता: वेगळा यूजर, प्रोटेक्ट-सिस्टम स्ट्रिक्ट, प्रोटेक्ट-होम, प्रायव्हेट-टेम्प, नो-न्यू-प्रिव्हिलेजेस, रिस्ट्रिक्ट-ॲड्रेस-फॅमिलीज. सर्टस्पॉटर मेल पाठवायला सेंडमेल चालवतं. आमच्याकडे सेंडमेल म्हणजे पोस्टफिक्स या मेल सर्व्हरचं. जर्नलमध्ये (सिस्टमडीच्या नोंदींत) दर दहा सेकंदांनी एकच ओळ: पोस्टड्रॉप (मेल रांगेत टाकणारा पोस्टफिक्सचा छोटा प्रोग्रॅम) म्हणतोय, मेलड्रॉपमध्ये फाइल करता येत नाही, परमिशन डिनाइड. पोस्टड्रॉप हार मानत नाही, दहा सेकंद झोपतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. त्यामुळे सेंडमेल संपत नाही, आणि सर्टस्पॉटर त्याची वाट बघत बसतं. सिस्टमसीटीएल स्टेटस हिरवंगार.

पहिला संशय प्रोटेक्ट-सिस्टमवर गेला, कारण तो जवळजवळ सगळी फाइलसिस्टम रीड-ओन्ली करतो. मेलड्रॉपची डिरेक्टरी रीड-राइट-पाथ्समध्ये घातली. फरक शून्य. खरं तर एरर नीट वाचला असता तर तिकडे जायचं कारणच नव्हतं: रीड-ओन्लीचा त्रास असता तर "रीड-ओन्ली फाइल सिस्टम" असं आलं असतं. इथे परमिशन नाकारली जातेय.

मग पोस्टड्रॉपच्या बायनरीची परमिशन बघितली. ग्रुपच्या जागी एस. म्हणजे सेटजीआयडी. कुणीही चालवला तरी तो पोस्टड्रॉप ग्रुपचा होऊन चालतो, आणि मेलड्रॉपमध्ये लिहायची मुभा त्या ग्रुपलाच आहे. नो-न्यू-प्रिव्हिलेजेस लावलं की कर्नल हा एस मनावरच घेत नाही. चला, सापडलं. ओळ काढली, डीमन-रीलोड, रीस्टार्ट.

तेच. दर दहा सेकंदांनी.

सिस्टमसीटीएल शोला विचारलं तर नो-न्यू-प्रिव्हिलेजेस: नो. मग आता काय? इथून पुढे अंधारात चाचपडणं झालं. एसईलिनक्स परमिसिव्ह करून बघितलं, पोस्टफिक्स पुन्हा बसवला, ग्रुपची परमिशन दुरुस्त करणारी कमांड चालवली. रात्री घरी जायच्या आधी सहज प्रॉक खालच्या त्या प्रोसेसच्या स्टेटस फाइलमध्ये डोकावलो. तिथे नो-न्यू-प्रिव्ह्ज: १.

म्हणजे सिस्टमडी एक सांगतो आणि कर्नल दुसरं.

१२ डिसेंबर

उत्तर सिस्टमडी-एक्झेकच्या मॅन पानात आहे, त्याच पर्यायाच्या परिच्छेदात. रिस्ट्रिक्ट-ॲड्रेस-फॅमिलीज, सिस्टम-कॉल-फिल्टर, प्रायव्हेट-डिव्हाइसेस, रिस्ट्रिक्ट-एसयूआयडी-एसजीआयडी, डायनॅमिक-यूजर अशा पर्यायांपैकी एक जरी लावलेला असला आणि सर्व्हिस रूटची नसली, तर नो-न्यू-प्रिव्हिलेजेस आपोआप चालू होतं. तुम्ही नो लिहिलं तरी. आणि पुढचंच वाक्य असं की सिस्टमसीटीएल शो मात्र तुम्ही लिहिलेलं मूल्यच दाखवतो. लिहिणाऱ्याने लिहून ठेवलंय, वाचायचं राहिलं होतं. अल्मा ९ मध्ये सिस्टमडी २५२ आहे, त्यात तरी हे असंच आहे.

आता दोन रस्ते. बंदोबस्ताच्या या सगळ्या ओळी काढून टाकायच्या, किंवा सेटजीआयडीला हातच न लावता मेल पाठवायचा. हा प्रोग्रॅम दिवसभर बाहेरून आलेली, कुणीही बनवलेली सर्टिफिकेटं वाचत बसतो. त्याचाच बंदोबस्त ढिला करणं मला पटेना. दुसरा रस्ता धरला.

सर्टस्पॉटर कॉन्फिगखालच्या हुक्स.डी डिरेक्टरीतल्या स्क्रिप्ट चालवतं आणि घटनेचा प्रकार, सारांश, मजकुराच्या फाइलचा पत्ता हे एन्व्हायर्नमेंटमधून देतं. पहिली स्क्रिप्ट कर्ल या कमांडने लिहिली: कर्लला एसएमटीपी (मेल पाठवायची पद्धत) येतं, लोकलहोस्टच्या २५ पोर्टवर मेल द्यायचा, पुढचं पोस्टफिक्स बघेल. लॅपटॉपवर चाललं. कंटेनरमध्ये "एसएमटीपी प्रोटोकॉल सपोर्टेड नाही". अल्मा ९ च्या कंटेनर इमेजमध्ये कर्ल-मिनिमल असतं आणि त्यातून एसएमटीपी काढलेलं आहे. पूर्ण कर्ल मागायचं तर मिनिमलशी भांडण, पॅकेज बसवणाऱ्या डीएनएफला अलाउ-इरेझिंग द्यावं लागतं. पॅकेज बसवताना कुणाला ते सांगत बसू?

शेवटी पायथनच्या एसएमटीपीलिबने छोटी स्क्रिप्ट. डीएनएफला पायथन लागतंच, त्यामुळे तो प्रत्येक सर्व्हरवर असतो. बंदोबस्ताची एकही ओळ काढावी लागली नाही. स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी मुद्दाम: टाइमआउट वीस सेकंदांचा, आणि मेल गेला नाही तर शून्य नसलेला एक्झिट कोड. दहा सेकंद झोपून पुन्हा प्रयत्न करणारं काहीही आता मला नको.

१५ डिसेंबर

खरा मेल येतो का ते तपासायचं तर यादीतल्या डोमेनवर खरं सर्टिफिकेट काढावं लागतं. लेट्स एन्क्रिप्टचं स्टेजिंग (चाचणीपुरती सेवा) इथे कामाचं नाही. त्याची सर्टिफिकेटं ब्राउझर मानतात त्या सार्वजनिक लॉगमध्ये जातच नाहीत, सर्टस्पॉटरला दिसणार कुठून?

म्हणून खरी काढली. त्याच नावाचं पुन्हा पुन्हा काढत राहिलो आणि मर्यादा लागली: नेमक्या त्याच नावांच्या संचाला सात दिवसांत पाच. दर वेळी वेगळं सबडोमेन घ्या, म्हणजे ही मर्यादा आड येत नाही. मग नोंदणीकृत डोमेनमागे सात दिवसांत पन्नासची वेगळी मर्यादा असते, तिथवर जायची वेळ येऊ नये.

सबडोमेनची नावं ठेवायचं काम शेजारच्या टेबलावरच्या पोराला दिलं. सकाळचे तर्री पोहे पोटात असल्यामुळे असेल, पण त्याने "तर्री", "सांबारवडी" आणि मालकाच्या टोपणनावाने एक अशी सबडोमेन काढली. सीटी लॉगमध्ये फक्त भर पडते, काढून काही टाकता येत नाही. मालकाचं टोपणनाव आता ऑफिसच्या डोमेनसकट जगजाहीर. तुम्ही "चाचणी-१" वगैरेवर भागवा. क्लायंटचं न जाहीर झालेलं प्रॉडक्टचं नाव तर चुकूनही नको.

मेल येतोय. लॉगला नोंद दाखवायला जास्तीत जास्त २४ तासांची सवलत असते, त्यामुळे पाच मिनिटांत आला नाही म्हणून स्क्रिप्ट उकलायला बसू नका. आमच्याकडे बहुतेक वेळा जेवून येईपर्यंत येतो.

१८ डिसेंबर

दुसरी रिलीज बांधली, व्हीपीएसवर अपग्रेड केली. डीएनएफ "कम्प्लीट" म्हणाला. सर्व्हिस बंद. चालू होईना, कारण सर्टस्पॉटर नावाचा यूजरच मशीनवर नाही. स्टेट डिरेक्टरीच्या मालकाच्या जागी नुसता आकडा.

पहिल्या रिलीजच्या स्पेकमध्ये प्रीअन आणि पोस्टअन (पॅकेज काढायच्या आधी आणि नंतर चालणाऱ्या स्क्रिप्ट) हाताने लिहिलेले होते: सर्व्हिस थांबवा, यूजर काढा. आरपीएमचा क्रम असा: आधी नव्या पॅकेजचे प्री आणि पोस्ट, नंतर जुन्याचे प्रीअन आणि पोस्टअन. म्हणजे नव्याने यूजर केला, सर्व्हिस चालू केली, आणि मागून जुन्याने येऊन दोन्ही उडवलं. या स्क्रिप्टना एक आकडा मिळतो: प्रीअन-पोस्टअनमध्ये शून्य असेल तर पॅकेज खरंच काढलं जातंय, एक असेल तर अपग्रेड आहे. तो न बघता काहीही करू नये. सिस्टमडीचे तयार मॅक्रो वापरा, ते बघतात. यूजर तर काढूच नका. तोच आकडा उद्या दुसऱ्या सर्व्हिसच्या यूजरला मिळाला तर जुन्या फाइली त्याच्या होतात.

यातली खरी गोम अशी की नव्या स्पेकमध्ये कितीही दुरुस्ती केली तरी पुढच्या अपग्रेडला चालणार ते जुन्या पॅकेजमधलेच प्रीअन-पोस्टअन. ते मशीनच्या आरपीएम डेटाबेसमध्ये बसलेले आहेत. जिथे पहिली रिलीज गेली होती तिथे आरपीएमनेच, नो-प्रीअन आणि नो-पोस्टअन देऊन, हाताने अपग्रेड केलं. नशीब, अशी मशीन मोजकीच होती.

२२ डिसेंबर

पॅकेजवर सही. ऑफिसची जीपीजी की (सही करायची किल्ली) सेंटओएस ६ च्या काळातली, तिची स्वतःवरची सही एसएचए-१ या जुन्या, कमकुवत ठरलेल्या पद्धतीची. अल्मा ९ ची नेहमीची क्रिप्टो पॉलिसी एसएचए-१ ला उभी करत नाही, की इम्पोर्टच होईना. पॉलिसी सैल करायचा सल्ला मिळाला. सर्टिफिकेटवर नजर ठेवायचं साधन बसवण्यासाठी सर्व्हरची क्रिप्टो सैल करायची, हे काही जमलं नाही. नवी की केली, क्रिएटरेपो चालवलं, झालं. नवी की सगळ्या सर्व्हरवर पोचवणं हे कंटाळवाणं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं, त्या बदल्यात काटोलची संत्री माझ्याकडून.

२९ डिसेंबर

पहिला खरा मेल. एका अडत्याच्या डोमेनखाली "ऑफर" नावाच्या सबडोमेनवर सर्टिफिकेट निघालंय. आमच्याकडच्या कुणी काढलेलं नाही. क्लायंटला फोन केला.

"आम्ही तं काही केलं नाही भाऊ. ते दिवाळीवाल्या जाहिरातीचं असन. पण तो पोरगा तं सोडून गेला नं मागच्याच वर्षी."

डीएनएसमध्ये बघितलं. "ऑफर"चा सीनेम (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी डीएनएस नोंद) एका तयार लँडिंग पेज देणाऱ्या सेवेकडे रोखलेला. जाहिरातवाल्याने खातं बंद केलं, सीनेम कुणी काढला नाही. दुसऱ्या कुणीतरी त्या सेवेवर तेच नाव आपल्या खात्याला जोडलं आणि सेवेने आपणहून त्याला सर्टिफिकेट काढून दिलं. पान उघडलं तर ऑनलाइन जुगाराची जाहिरात, वर कुलूप बरोबर.

आधी सीनेम काढला. हा क्रम महत्त्वाचा आहे: सीनेम असेपर्यंत त्या नावाचा सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कुणी द्यावं ते सांगणारी डीएनएस नोंद) बघायला सर्टिफिकेट देणारी संस्था आधी सीनेम रोखलेल्या ठिकाणी जाते, आणि तिथे सीएए असेल तर तुम्ही मूळ डोमेनवर लावलेला बघतच नाही. मग सीएए लावला. पण आपण आणि तो दोघेही एकाच संस्थेकडून सर्टिफिकेट घेणारे, त्यामुळे नुसतं संस्थेचं नाव पुरत नाही. अकाउंट-यूआरआय घालून आमच्याच खात्यापुरतं बांधलं. लेट्स एन्क्रिप्ट ते पाळतं. शेवटी त्या नावाचं व्हॅलिडेशन आमच्या खात्यातून पूर्ण केलं आणि ते सर्टिफिकेट रद्द करून घेतलं. डोमेन तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध केलं की दुसऱ्या खात्याने काढलेलंही रद्द करता येतं.

बाकी क्लायंटच्या झोन फाइली काढून बघितल्या. कुठेच न पोचणारे सीनेम आणखी निघाले. ते उडवले.

५ जानेवारी २०२६

चौथी रिलीज रेपोत. एकाच मशीनवर चालते, सगळ्या डोमेनची यादी तिथेच. प्रत्येक सर्व्हरवर बसवायची गरज नाही. मेमरी आणि सीपीयू फारसं खात नाही, नेट मात्र सतत लागतं. लॉगची नवी, टाइलवाली पद्धत येतेय आणि जुन्या पद्धतीचे लॉग एकेक बंद होतायत, म्हणून सर्टस्पॉटरची जुनी आवृत्ती बांधून तशीच सोडू नका.

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) एक भर घातलीय: दर सोमवारी नव्या चाचणी सबडोमेनवर खरं सर्टिफिकेट निघतं, आणि मंगळवारी दुपारपर्यंत त्याचा मेल आला नाही तर ऑफिसच्या फोनवर वेगळ्याच रस्त्याने मेसेज येतो. त्या सबडोमेनांची नावं आता स्क्रिप्ट ठरवते.

राहिलेलं: अल्मा १० चं बिल्ड, आणि मॅन पानं बिल्डरूटमध्येच बनवणं. पहिलं या महिन्यात होईल.